रेडिओ आणि माझी आंघोळ

आमचा रेडिओ बिघडलेला नव्हता. बिघडलेला असता तर फार सोयीचं झालं असतं! बिघडलेली वस्तू दुरुस्त करता येते, नाहीतर तिच्यावर फुलदाणी ठेवता येते. आमचा रेडिओ एका दिवशी नागपूर, मुंबई, दिल्ली, सिलोन आणि वारा पूर्वेचा असला तर थेट पेकिंग (हे मी एकट्यानंच ऐकलं, पण ऐकलं) असं सगळं जग घरात आणून सोडायचा. आणि दुसऱ्या दिवशी त्याच बटणाला, त्याच काट्यावर, त्याच माणसानं हात लावला तर त्याला शंभर मैलांवरचं नागपूरसुद्धा ओळखू येत नसे. हिरवा डोळा लुकलुकायचा, आतले वॉल्व दिव्यासारखे उजळायचे आणि पेटीतून कढईत भजी सोडल्यासारखा आवाज यायचा. बस. नागपूर म्हणून काही गाव आहे हेच तो विसरलेला असायचा.

मी त्या वेळी अमरावतीच्या एका हायस्कुलात सायन्स शिकवीत असे. त्यामुळे गल्लीतल्या कोणाच्याही घरचा दिवा गेला, घड्याळ थांबलं किंवा गाय दूध द्यायची बंद झाली की मला बोलावणं यायचं. मी जायचो, वस्तूकडे डोळे बारीक करून पाहायचो, "हं" म्हणायचो आणि परत यायचो. एवढ्यावर माझी कीर्ती दर्यापूरपर्यंत पोचली होती. अशा माणसाच्या घरचा रेडिओ लहरी निघावा!

तो आम्ही पावसाळ्यात आणला. गल्लीतला पहिला. दिवाळीपर्यंत असा गुणी की शेजारच्या लक्ष्मीकाकू त्याला हळदीकुंकू लावून जायच्या. थंडी पडली आणि त्याचं डोकं फिरलं.

घरातल्या प्रत्येकाचं औषध वेगळं. माझे बाबा त्याला बैलाच्या पाठीवर मारतात तशी वरून थाप मारायचे. माझी माय त्याच्यावरून मीठमिरच्या ओवाळून टाकायची. "साऱ्या गल्लीचा डोया हाये त्याच्यावर, काय करन तो तरी?" मी सायन्सवाला, म्हणून मी बोटाच्या पेरानं टकटक करायचो आणि कान लावून ऐकायचो. तिघांचाही गुण सारखाच यायचा. म्हणजे कधी यायचा, कधी नाही.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. मग नागपूर रेडिओचं, गायला बोलावणारं पत्र माझ्या बायकोला आलं.

वत्सला, माझी बायको, फार गोड गळ्याची. तिची आई जात्यावर ओव्या गायची, त्या सगळ्या हिला पाठ. आई लहानपणीच गेली, ओव्या राहिल्या. त्या पावसाळ्यात तिनं नागपूरला जाऊन रेडिओसाठी आवाजाची परीक्षा दिली आणि ती पास झाली. फक्त एक गोष्ट राहून गेली: आपल्या वडिलांना विचारायची.

वत्सलाचे वडील, म्हणजे आमचे मामाजी, अकोल्याच्या जुन्या शहरात राहायचे आणि रोज नदी ओलांडून सायकलीनं शेतावर जायचे. मनुष्य सज्जन, पण राग एकदा पेरला की पीक घेतल्याशिवाय सोडत नसत. त्यांना कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "तिची माय घरात गायची. घरात! हे पोट्टी पेटीत बसून साऱ्या मुलखाले आयकवनार?" आणि त्या दिवसापासून त्यांनी पोरीशी बोलणं टाकलं. सहा महिने! दिवाळीला ती माहेरी गेली तर मामाजी तिच्याशी तिच्या भावामार्फत बोलले. ती समोर बसलेली असताना! "तिले म्हना, अजून एक पुरी घे."

पत्र आल्यावर भावानं मध्यस्थी केली. निरोप आला तो असा: "आयकतो एकडाव. जवायाच्या घरी येऊन आयकतो. आयकल्यावर ठरवीन बोलाचं का नाई."

वत्सलानं मला स्वयंपाकघरात गाठलं.

"अवो, मी लग्नापासून तुमाले काई मांगतलं काय?"

"नाही." (मागितलं होतं. पण असे प्रश्न हिशेबासाठी नसतात.)

"मंग एकच मांगतो. त्या दिवशी मी नागपूरले असन. संध्याकाळी साडेसहाले दहा मिनिटं तो रेडिओ बोलला पायजे. नाई बोलला तं माहे बाबा माह्याशी जलमभर बोलनार नाईत. दहा मिनिटं, बस!"

"मी आहे ना!" मी म्हणालो.

हे तीन शब्द मी आयुष्यात पाच-सहा वेळा उच्चारले असतील. प्रत्येक वेळी कोणाला तरी डॉक्टरकडे न्यावं लागलं आहे.

हातात दीड महिना होता. मी शास्त्रीय पद्धतीनं सुरुवात केली. छपरावर चढून एरियलची तार पाहिली. तिच्यावर माकडं झोके घेत होती. माकडं हाकलली, तार ताणली, खाली येताना छपराचे आठ कवेलू फोडले. त्याच संध्याकाळी रेडिओ सुरू! "पाह्यलं?" मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी भजी. मग सगळे वॉल्व काढून, पुसून, पुन्हा बसवले. चालू! चौथ्या दिवशी भजी. पेटी पूर्वेकडून उठवून उत्तरेला ठेवली. चालू! मग बंद. माझं असं व्हायला लागलं की जे काही करावं त्यानं तो सुरू व्हायचा आणि तेच पुन्हा केलं की बंद पडायचा. सायन्समध्ये याला काय म्हणतात मला माहीत नाही. वऱ्हाडात याला छळ म्हणतात.

शेवटी पेटी चादरीत बांधून रिक्षातून हबीबमियांच्या दुकानात नेली. हबीबमिया म्हणजे अमरावतीतले रेडिओचे धन्वंतरी. त्यांनी बटण फिरवलं आणि आमचा रेडिओ असा खणखणीत गायला लागला की रस्त्यावरचे लोक थांबले. चार दिवस दुकानात ठेवला. चारही दिवस गायला! घरी आणला. भजी!

"हबीबमिया, तुम्हीच घरी चला."

ते दुसऱ्या दिवशी सकाळी आले. एवढा मोठा माणूस घरी येणार म्हणून मी बऱ्याच दिवसांनी नीट आवरून, नवा सदरा घालून बसलो होतो. हबीबमियांनी बटण फिरवलं. नागपूर लख्ख!

"अब बोलो मास्टर."

"काल बंद होता हो!"

"बाहर की तारें देखी?"

"हबीबमिया, मी सायन्सचा मास्तर आहे," मी थोडा दुखावून म्हणालो. "एक तार छपरावर जाते, ती ताणली. एक खिडकीतून खाली जाते, ती ओढून पाहिली. मोटेच्या दोरासारखी घट्ट आहे."

हबीबमियांनी पेटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, चहा संपवला. "मास्टर, सेट में कुछ नै है. तुमारे घर में कुछ है."

माय आतून म्हणाली, "मी काय म्हन्लं होतं!" आणि मिरच्या घेऊन आली.

मग मी वही घातली. रोज तारीख टाकायची आणि त्या दिवशी काय काय घडलं ते लिहायचं: हवा, वारा, माकडं, विजेचा दाब, माय मिरच्या ओवाळून गेली की नाही, म्हैस ओरडली की नाही. शेवटच्या रकान्यात रेडिओ, चालू किंवा बंद. तीन आठवडे झाले. एका रविवारी मी वही उघडून ताळमेळ लावीत बसलो. कशाचा कशाशी मेळ नाही. हवेचा नाही, माकडांचा नाही, म्हशीचा तर अजिबात नाही. आणि मग माझ्या लक्षात एक गोष्ट आली, जी वहीत नव्हती. ती लिहिण्यासारखी नव्हतीच.

आता वाचकांपासून काय लपवायचं! मी त्या हिवाळ्यात रोज आंघोळ करीत नव्हतो.

म्हणजे, दिसायला करीत होतो. आमच्याकडे व्यवस्था अशी होती: बाबा पहाटेच मळ्यातल्या विहिरीवर जाऊन यायचे. बायकांची मोरी घरात, तिचं पाणी गल्लीच्या नालीत. आणि मागच्या अंगणात, खिडकीच्या खाली, कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या कुडाची एक न्हाणी होती, ती माझी एकट्याची. तिथे मी गरम पाण्याची बादली घेऊन शिरायचो, मोठ्यानं स्तोत्र म्हणायचो, ओल्या हातानं मांडीवर चापट्या मारायचो, केस भिजवायचो आणि बादली तशीच कुडाच्या पलीकडे बांधलेल्या म्हशीपुढे ठेवायचो. (म्हैस त्या थंडीत गरम पाणी पिऊन इतकी लाडावली की थंड पाण्याला तोंड लावीना.) तिथून मी शाळेत जायचो आणि सातवीला आरोग्याचा धडा शिकवायचो. रोज स्नान करण्याचे बारा फायदे! पाठ होते मला. आजही आहेत.

तर त्या रविवारी मला कळलं: ज्या दिवशी माझी आंघोळ खरी, त्या दिवशी रेडिओ चालू. ज्या दिवशी आंघोळ म्हशीची, त्या दिवशी भजी! हबीबमिया आले त्या सकाळी मी आंघोळ केली होती. कवेलू फोडले त्या दिवशी अंगभर माती झाली म्हणून केली होती. एकही दिवस चुकत नव्हता!

इथे एखादा साधा माणूस काय करेल? जरा इकडेतिकडे पाहील. पण मी सायन्सवाला. मी पाहिलं नाही, मी विचार केला. आणि विचारांती माझा सिद्धांत असा ठरला की न धुतलेल्या मानवी देहावर जो थर साचतो तो हवेतल्या रेडिओच्या लहरी वाटेतच शोषून घेतो. मी बसणार पेटीच्या अगदी जवळ, तेव्हा लहरी आधी मला चिकटणार, पेटीला काय उरणार? दोन रात्री मी या सिद्धांतानं इतका भारावलो होतो की तो छापायला पाठवावा की काय असं वाटलं. पण मग त्यात पुरावा द्यावा लागला असता.

कोणाला सांगायची सोय नव्हती. मी गुपचूप आंघोळ करायला लागलो. रोज! रेडिओ रोज चालू! पुढे ऊन तापायला लागलं तसा तो संध्याकाळी पुन्हा कुरकुरू लागला. मी मनाशी म्हटलं, घाम येतो ना, थर वाढतो. मग मी सकाळ-संध्याकाळ दोन आंघोळी सुरू केल्या. घरात चर्चा सुरू झाली.

"काहून रे," माय म्हणाली, "पित्त झालं काय? दोन-दोन डाव न्हाऊन राह्यला!"

"स्वच्छता, माय."

"आजलोक कुठं गेल्ती तुही स्वच्छता?"

बाबांनी लक्ष्मीकाकूंच्या मालकांना हळूच विचारलं की अमरावतीत मांत्रिक चांगला कोण. वत्सलाला मात्र कौतुक. "माह्यासाठी करून राह्यले सारं," ती शेजारणींना सांगायची, "गान्याच्या आधी शुचिर्भूत राह्यतात." मी मान खाली घालून विनय दाखवायचो.

तो दिवस आला. फाल्गुन सुरू झाला होता. अमरावतीचा फाल्गुन म्हणजे इतर गावांचा वैशाख. मागच्या अंगणात काळी माती अशी उलली होती की एका भेगेत मायची उलथणी गेली ती गेलीच. वत्सला दोन दिवस आधीच भावाबरोबर नागपूरला गेली होती. जाताना फक्त म्हणाली, "दहा मिनिटं, अवो."

दुपारच्या गाडीनं मामाजी बडनेऱ्याला उतरून टांग्यानं घरी आले. पांढरं धोतर, काळी टोपी, तोंडात विडा. आले ते थेट रेडिओसमोरच्या खुर्चीवर बसले, जसे पंच बसतात. मी पाया पडलो.

"जवाईबापू, पेटी बरोबर हाये ना?"

"एकदम!"

"नाई, लोकं म्हनून राह्यले होते लहरी हाये म्हून."

"लहरी लोक आहेत, मामाजी!"

साडेपाचपासून गल्ली लोटायला लागली. ओटीवर बाया, दारात बाप्ये, खिडकीत डोकी. मी सकाळी एक आणि चार वाजता एक अशा दोन आंघोळी करून, भांग पाडून, शास्त्रीयदृष्ट्या निष्कलंक होऊन पेटीशेजारी उभा होतो. सहा वाजता बटण फिरवलं. नागपूर लख्ख! बातम्या इतक्या स्पष्ट की लक्ष्मीकाकू म्हणाल्या, "बाई, मानूस घरातच बसला वाटते!" मामाजींनी मान हलवली. मी कपाळ पुसलं. आणि कपाळ पुसताना लक्षात आलं की घाम आला आहे.

सहा पंचवीस. आवाज थोडा मागे गेला. सहा एकोणतीस. भजी तळल्याचा वास यावा इतकी खरखर. साडेसहा!

"आता ऐकू या... अमरावतीच्या... वत्सला..." आणि खर्रर्रर्र!

"जवाईबापू!" मामाजी ओरडले.

"एक मिनिट!" मी म्हणालो आणि मागच्या दारानं पळालो. सदरा काढला, दोन तांबे अंगावर ओतले, सदरा ओल्या अंगावर चढवला, परत! आणि काय सांगू, मी आत पाऊल टाकलं तशी पेटीतून वत्सला गात होती! लहरी मला टाळून थेट पेटीत! मी मनातल्या मनात सिद्धांताला नमस्कार केला. मामाजी पुढे सरकले. हात कानाशी गेला. "हे तं..." ते म्हणाले, "हे तं तिच्या मायची..." आणि खर्रर्रर्र!

मी पळालो. चार तांबे! परत आलो. दोन ओळी आल्या. खर्रर्रर्र! मी पुन्हा पळालो. या वेळी सदरा काढायला वेळ नव्हता. सदऱ्यासकट अर्धी बादली! मी थबथबत आत आलो तेव्हा गाणं होतं, पण ते कोणी ऐकत नव्हतं. सगळी गल्ली माझ्याकडे पाहत होती. आणि मामाजी उभे राहिले होते.

त्यांचा चेहरा पाहून मला कळलं की आपण काय करून बसलो. आमच्याकडे बातमी ऐकल्याबरोबर उठून डोक्यावरून आंघोळ एकाच कारणासाठी करतात: कोणी मेलं की!

"जवाई," मामाजी म्हणाले. बापू गळून पडला होता. "माह्या पोट्टीचं गानं आयकून तुमी आंघोय करून राह्यले? तीन डाव? कोनी मेलं काय?"

"नाही मामाजी, ते लहरींचं..."

"तुमालेच तिच्या गान्याचा इटाळ वाटते तं मले कायले बलावलं? तमाशा दाखवाले?"

खर्रर्रर्र, पेटी म्हणाली.

"अवो इवाई, बसा ना," माय मधे आली, "पोरगं आजकाल न्हातेच लई..."

"बसत नाई! टांगा बलावा! तिले सांगजा, तुह्या बापानं ना आयकलं ना पाह्यलं!"

मी चौथ्यांदा न्हाणीत धावलो. आता तांब्याचं काम नव्हतं. भरलेली बादली दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली. एवढ्यात मामाजी मागच्या दारानं अंगणात आले. जाण्यापूर्वी तोंडातला विडा थुंकून चूळ भरायची होती. रागावलेला माणूसही दुसऱ्याच्या घरून तोंड धुतल्याशिवाय निघत नाही. त्यांनी कुडाशी ठेवलेल्या घागरीतून तांब्या भरला, खळखळून चूळ भरली, खिडकीखाली थुंकली, उरलेलं पाणी तिथेच ओतलं.

आणि घरातून वत्सलाचा आवाज असा फुटला की म्हैस उभी राहिली!

मामाजी थांबले. आवाज बसायला लागला. त्यांनी तांब्या पुन्हा भरला आणि सावकाश, पिकाच्या मुळाशी घालावं तसं पाणी घातलं. आवाज चढला. पन्नास वर्षं शेती केलेला माणूस तो. खाली वाकला, भेगांकडे पाहिलं आणि बोटानं खिडकीतून येणारी ती तार उचलली, जी जमिनीत शिरून भेगाळलेल्या मातीत पुरलेल्या एका नळीला बांधलेली होती.

"हे काय पेरलं इथं?"

"दुकानाचा मानूस पेटी बसवाले आल्ता, त्यानं पुरली," माय दारातून म्हणाली. "न्हानीचं पानी जाते तिथंच पुरतो म्हने. म्हने आजी, हे जागा ओली ठेवजा, नाई तं पेटी बोलनार नाई."

मी बादली डोक्यावर धरून उभा होतो. "माय! मग मला सांगितलं काहून नाही?"

"तू इचारलं काहून नाई? मले वाटलं, सायन्सचा मास्तर हाये, तुले ठावूक असन!"

"जवाई, पानी!" मामाजी ओरडले. "पानी आना, लौकर!"

आणि मी, आठ वर्षं सायन्स शिकवणारा मी, हुकूम ऐकल्याबरोबर ती भरलेली बादली धाडदिशी स्वतःच्या डोक्यावर ओतली.

"अरे डोस्क्यावर नाई रे बाप्पा! भुईवर! भुईवर!"

"पण मामाजी, मी आंघोळ केल्याशिवाय तो चालत नाही!" मी कळवळून ओरडलो. "मी वही ठेवली आहे! ज्या दिवशी मी आंघोळ केली नाही, त्या दिवशी..."

इथे मी थांबायला हवं होतं. पण तोपर्यंत कुडाच्या वरून सगळी गल्ली आत डोकावत होती.

"म्हन्जे," लक्ष्मीकाकू शांतपणे म्हणाल्या, "साऱ्या हिवाळ्यात पेटी जितके दिवस बंद होती, तितके दिवस..."

त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. गरज नव्हती. महिन्यात कितीदा खरखर झाली हे गल्लीत प्रत्येकाला तोंडपाठ होतं.

पण मामाजींचं तिकडे लक्ष नव्हतं. ते भिंतीला टेकून उभे होते, हातात तांब्या, आणि पाण्याची बारीक धार मातीत सोडत होते. रिकामा झाला की माय दुसरा भरून देई. आत वत्सला तिच्या आईच्या चालीत गात होती. मामाजींचं तोंड भिंतीकडे होतं. गाणं संपलं, निवेदक बोलला, बाजारभाव सुरू झाले, सरकीचे, ढेपेचे, आणि तरी ते धार सोडतच होते. मायनंच शेवटी तांब्या हातातून काढून घेतला.

टांगा परत पाठवला. मामाजी राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी वत्सला भावाबरोबर आली. दारातच थांबली. बाप ओटीवर बसलेला. सहा महिन्यांच्या सवयीनं भाऊ निरोप घ्यायला मधे सरकला, तर मामाजींनी त्याला हातानं बाजूला केलं.

"चौथ्या ओवीले घाई केली तू," ते सरळ तिच्याकडे पाहून म्हणाले. "तुही माय तिथं थांबे. दमानं."

वत्सला तिथेच उंबऱ्यावर बसली आणि पदर तोंडाला लावला. "पुढच्या टायमाले थांबीन, बाबा," एवढंच म्हणाली.

सगळं आटोपल्यावर, म्हणजे रडून, चहा होऊन, लक्ष्मीकाकू माझ्या आंघोळींचा इतिहास तिला सविस्तर सांगून गेल्यावर, ती माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता आरोग्याचा धडा. पण नाही. तिच्या डोळ्यांत नुसती उत्सुकता.

"ते जाऊ द्या. तुमी सांगा, तुमाले कसं वाटलं माह्यं गानं?"

आता काय सांगू? ती गात होती तो बहुतेक वेळ मी डोक्यावर पाणी ओतत होतो आणि त्या शेवटच्या बादलीनं माझे दोन्ही कान असे गच्च भरले होते की जवळचं बोलणं तेवढं कळत होतं, घरातलं गाणं नाही. एका पायावर उड्या मारून मारून उजवा कान मोकळा केला, तेव्हा कुठे मला पेटीचा आवाज आला.

"अप्रतिम!" मी म्हणालो. लग्नाला चार वर्षं झाली होती, एवढं मला येत होतं.

"खरं? कोन्ती ओवी आवडली?"

"शेवटची," मी डोळे मिटून, मान डोलवीत म्हणालो. "ती जिच्यात सरकीचे भाव चढतात!"